डाव्या चाकातला दामाजी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. निळी. म्हणजे कधीकाळी निळी होते. आता खाडीच्या वाऱ्याने माझा रंग पार विटून गेला आहे. ठाण्याच्या कोळीवाड्यात घरं संपतात आणि खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे एका बदामाच्या झाडाखाली मी उभी असते. वाड्यातली मुलं मला भुताची गाडी म्हणतात आणि माझ्या डाव्या बाजूने जायचं झालं की जरा लांबून जातात. मला त्यांचा राग येत नाही. पण खरी गोष्ट काय घडली ती एकदा माझ्या तोंडून ऐका, कारण आतून-बाहेरून ती पाहिलेली मी एकटीच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खूप उजेड होता आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी रांगेत उभ्या होत्या, एवढंच. माझे पहिले मालक ठाण्यातले एक वकील. ते मला रविवारी पुसायचे आणि सोमवारी कोर्टात न्यायचे. त्यांच्याकडे असेपर्यंत मी चिखल म्हणून पाहिला नाही. मग ते थकले, मुलाने नवी गाडी घेतली, आणि एके दिवशी मी दामाजी कोळ्याच्या दारात येऊन थांबले. आली का पंचाईत, असं मला तेव्हा वाटलं होतं हे कबूल करते. माशांचा वास मला कुठे माहीत होता?

दामाजीने त्याच वर्षी आपली होडी विकली होती. खाडीत मासळी उरली नव्हती, जाळ्यात यायच्या त्या पिशव्या आणि बाटल्या. त्याची बायको शेवंती मात्र मासळी विकायचीच. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा आणि डोंबिवलीच्या बाजारात जाऊन बसायचं, हा तिचा रोजचा धंदा. टोपल्या घेऊन तिची फार ओढाताण व्हायची, म्हणून दामाजीने मला आणलं. पण खरं सांगू का, त्याने गाडी आणलीच नव्हती. त्याने दुसरी होडी आणली होती.

होडीवर जे नाव होतं तेच त्याने माझ्या मागच्या काचेवर रंगवून घेतलं, ‘आईची कृपा’. होडी पाण्यात ढकलण्याआधी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बोटातल्या चांदीच्या जाड अंगठीने दोनदा ठोकायची त्याची सवय होती. चल, निघूया, असं सांगितल्यासारखं. माझ्याकडे आल्यावरही ती सवय सुटली नाही. शेवंती माझ्या पुढच्या डाव्या सीटवर बसायची. दामाजी तिचं दार लावायचा, माझ्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर ठोकायचा, टण्, टण्, आणि मग पुढून वळसा घालून आपल्या जागेवर यायचा. कितीही घाई असो, ते दोन ठोके चुकले नाहीत. त्या जागी माझ्या पत्र्याला एक छोटा खळगा पडला आहे. तो अजून आहे.

आणि दर नारळी पुनवेला तो मला आमच्या वाड्याच्या धक्क्याच्या उतारावरून थेट पाण्यापर्यंत न्यायचा. नारळ वाहून झाला की कळशीने खाडीचं पाणी भरून आणायचा आणि माझ्या चारही चाकांवर, आत, खाली, जिथे हात पोहोचेल तिथे ओतायचा. होडीला जसं न्हाऊ घालतात तसं. वर गोंडा बांधायचा, हळदकुंकू लावायचा. वाड्यातल्या रिक्षा आणि टेम्पो कडेला उभे राहून बघायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला भारी वाटायचं. वकिलांनी मला कधी हळदकुंकू लावलं नव्हतं. ते खारं पाणी सांध्यासांध्यात बसायचं आणि वाळून जायचं. थोडं झोंबायचं. पण एवढ्या मायेने कोणी अंघोळ घालत असेल तर झोंबतंय म्हणून कोण रडतं?

मग एका माघातल्या सकाळी दामाजी झोपेतून उठलाच नाही. मी झाडाखाली होते. घरातून रडण्याचा आवाज आला, माणसं जमली. त्याला नेलं ते माझ्या समोरूनच. तेव्हापासून मी उभीच होते. माझ्या काचेवर बदामाची लाल पानं साचली आणि ती कोणी काढली नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर बऱ्याच दिवसांनी शेवंतीने पुन्हा बाजारात बसायचं ठरवलं. तिचा मुलगा मितेश मला चालवणार होता. तो वाशीला नोकरी करतो, दुपारची पाळी असते, म्हणून पहाटेचं काम त्याने अंगावर घेतलं. शेवंतीने डावं दार उघडलं. ती बसली आणि माझ्या डाव्या चाकापाशी आवाज आला, टण्. तिने दार ओढून घेतलं आणि पुन्हा आला, टण्.

ती तशीच बसून राहिली. मितेशने किल्ली फिरवली होती, ती त्याने बंद केली.

“आयकलंस?” शेवंती म्हणाली.

“काय?”

“तुझा बापूस. निघा म्हन्तोय.”

मित्रांनो, आवाज माझा होता. चाकाच्या वर एक जाड स्प्रिंग असते, खड्ड्यातला धक्का तीच सोसते. माझी डावी स्प्रिंग खालच्या वेढ्यात मोडली होती. गंजून गंजून एका रात्री, कोणी जवळ नसताना, ती तुटली. शेवंतीचं वजन पडलं की तुटलेलं टोक, स्प्रिंग ज्यात बसते त्या खालच्या लोखंडी वाटीवर आपटायचं. दार लावलं की पुन्हा. मला हे माहीत होतं, दुखत होतं, पण सांगणार कसं? आणि सांगता आलं असतं तरी, तिचा चेहरा पाहून मी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

कारण त्या दिवशी शेवंती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली होती. नंतर तिचं रोजचंच झालं. बसली की कान देऊन थांबायची. टण्, टण्. मग म्हणायची, “चला.” वाटेत खड्डा आला, मी खट् वाजले, की ती त्याच्याशी बोलायची. कुठल्या गिऱ्हाइकाने हुज्जत घातली, कोणाच्या घरी लग्न निघालं, सुरमई कशी शिळी दिली आज धक्क्यावर. वळणावर स्टिअरिंग फिरलं की स्प्रिंग कुरकुरायची, तेव्हा म्हणायची, “हो, कललं मना, दमलाव तुमी.” मितेश समोर बघून गाडी चालवायचा. त्याच्या हातांना घाम सुटलेला मला कळायचा.

बातमी वाड्यात पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारची मंदाकिनी आली, तिने शेवंतीला माझ्यात बसायला लावून आवाज ऐकला आणि हात जोडले. चाकावर झेंडूचं फूल आलं. सर्वपित्रीला तर कहरच झाला. दामाजीच्या नावाचं पान माझ्या डाव्या चाकासमोर ठेवलं, वड्यांसकट, आणि कावळा आला तो आधी माझ्या बॉनेटवर बसला. सगळा वाडा एकमेकांकडे बघू लागला. आता कावळ्याला काय, बॉनेट उन्हात ठेवलेलं, उंच जागा, खाली वडे. पण हे बोलणार कोण?

एक गोष्ट मात्र मलाही उलगडलेली नाही, ती सांगून टाकते. पावसाळा सरल्यावर एका दुपारी माझ्या आसपास चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला. माझ्यात कोणी बसलेलं नव्हतं, दार बंद होतं. आणि डाव्या बाजूला टण् झालं. मग, मधे अगदी तेवढीच जागा सोडून, पुन्हा टण्. ऊन उतरताना लोखंड आकसतं, तुटलेलं टोक सरकतं, असं असेल. पण तो आवाज आतून आला नव्हता. खळगा आहे ना पत्र्याला, तिथे मला तो जाणवला. मी अजून त्या दुपारचा विचार करते.

मितेशची बायको दक्षता. तिचं माहेर खडवलीचं. मुलगी हुशार, पण ती मला घाबरायची. माझ्यात बसणं टाळायची, बसलीच तर मागे, उजवीकडे, दाराला चिकटून. तिनेच शेवटी मितेशला म्हटलं, “अहो, गॅरेजमध्ये दाखवा ना एकदा. भूत असेल तर असू दे, पण चाक असेल तर?”

मितेश मला कल्याणला रघूकडे घेऊन गेला. रघू त्याचा शाळेतला मित्र, दुर्गाडीजवळ त्याचं गॅरेज. रघूने एकट्याने मला फिरवलं. स्पीडब्रेकरवरून नेलं, जोरात ब्रेक मारले, गोल गोल वळवलं. मी मुकी. डाव्या सीटवर वजनच नव्हतं, तर टोक आपटणार कशावर? मी मनातून ओरडत होते, तिकडे बस, तिकडे कोणाला तरी बसव.

“काय नाय रे,” रघू उतरून म्हणाला. “ब्रेक ओके आहेत. आवाज नक्की येतो ना? तू झोपेत चालवतोस का?”

“आई बसली की येतो.”

रघू हसायचा थांबला. “फक्त आई बसली की?”

“हो.”

“मग आईला घेऊन ये. ज्याला आवाज येतो त्याला त्याच्याच जागेवर बसवल्याशिवाय आवाज सापडत नाही. वजनाचा खेळ असेल.”

मितेशने घरी येऊन हे सांगितलं. शेवंती कोयता घेऊन पापलेट साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

“ना आवाज सापडवायचा ना काय,” ती म्हणाली. “गाडीला कोनी हात नाय लावायचा.”

“आई, चाक निघून पडलं तर? रोज तू बसतेस पुढे.”

“पडूदे.”

“असं काय बोलता आई?” दक्षता म्हणाली.

शेवंतीने कोयता खाली ठेवला. “दक्षता, तो माणूस माज्याशी उभ्या जन्मात चार शब्द बोलला नाय धड. जे काय होतं ते त्या दोन ठोक्यांत होतं. आता तुमी गॅरेजमंदी जाऊन तेवढं पन काढून टाकनार?”

दाराबाहेर मी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. मला लाज वाटली, मित्रांनो. मी त्या बाईला नवरा देत नव्हते, मी तिला एक मोडलेली स्प्रिंग देत होते. आणि ती स्प्रिंग दिवसेंदिवस आणखी खाली, टायरच्या दिशेने घसरत होती.

दामाजीला वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं. फाल्गुनात दक्षताच्या भावाचं, भावेशचं लग्न निघालं. हळदीला खडवलीला जायचं होतं. शेवंती पुढे, दक्षता मागे उजवीकडे तिच्या ठरलेल्या कोपऱ्यात. निघताना दोन्ही ठोके झाले. शेवंती म्हणाली, “चला.”

कल्याणला फुलांच्या बाजारात गजरे घ्यायला थांबलो. तिथला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एका खड्ड्यात माझं डावं चाक असं काही आदळलं की तुटलेलं टोक वाटीतून निसटलं आणि बाहेर आलं. ते टायरच्या आतल्या बाजूला जाऊन टेकलं. आता ते कशावर आपटणार नव्हतं. आता ते फक्त घासणार होतं, रबराला, आवाज न करता.

शेवंती गजरे घेऊन परत आली, बसली, दार लावलं. काही वाजलं नाही.

तिने दार पुन्हा उघडून लावलं. काही नाही. मितेशने आरशातून दक्षताकडे पाहिलं. दक्षताने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला बिचारीला वाटलं, गेलं एकदाचं.

गांधारीचा पूल ओलांडला. पुलानंतरच्या स्पीडब्रेकरवर मी नेहमीसारखी खट् वाजले नाही. वळणावर कुरकुरले नाही. शेवंतीच्या मांडीवर गजऱ्यांची पुडी होती, ती तिने घट्ट धरली. मला चाकात ऊब वाढलेली कळत होती. टोक आत आत जात होतं. आवाज ही माझी एकच भाषा होती आणि नेमकी तीच गेली होती. पुढे पडघ्याच्या बाजूला उतार होता, समोरून डंपर येत होते. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

“मितेश, थांबव.”

“का? पाणी हवंय?”

“ते गप झाले.”

“आई, बरंच झालं ना मग. असू दे.”

“गप झाले म्हन्ते ना. भांडलो तरी कधी ठोके चुकवले नाय त्यांनी. कायतरी झालंय त्यांना. थांबव.”

“उशीर होतोय आई, हळद लागेल तिकडे.”

शेवंतीने चालत्या गाडीचं दार उघडायला हात घातला. मितेशने घाबरून मला कडेला घेतलं आणि उतार सुरू होण्याआधी, एका बाभळीखाली मी थांबले.

ती उतरली. माझ्या खळग्यावर तिने तळहात ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग वाकली. “ह्ये बग,” ती म्हणाली, “हितं जलल्याचा वास येतोय.” मितेश आला, चाक वळवून आत बघावं म्हणून परत आपल्या दाराशी गेला आणि त्याने बाहेरूनच हात घालून स्टिअरिंग फिरवलं. जेमतेम अर्धी फेरी. आणि उभ्या जागी माझं टायर फुटलं. बंदुकीसारखा बार झाला. मी डाव्या बाजूला खाली बसले. त्याच क्षणी एक डंपर हॉर्न देत आमच्या शेजारून उतारावर गेला.

दक्षता उतरून रस्त्याच्या कडेला बसली. मितेशचा हात अजून स्टिअरिंगवर होता. तो म्हणाला, “उतारावर फुटलं असतं तर?”

मितेशने फोन केला तसा रघू मोटारसायकलवर आला. जॅक लावून चाक काढलं आणि आत बघून तो शिट्टी वाजवणार तोच थांबला. स्प्रिंगचा तुटका वेढा ओढला तसा तो त्याच्या हातात आला. गंजाचा लाल भुगा त्याच्या बोटांना लागला.

“काकी, ही गाडी पाण्यात घालत होता का तुम्ही? मिठाने खाल्लंय सगळं.”

मितेशने सांगितलं. नारळी पुनवेचं, कळशीचं, चाकांना घातलेल्या अंघोळीचं.

“अरे बाबा,” रघू म्हणाला, “होडीच्या लाकडाला खारं पाणी चालतं. हे लोखंड आहे.” तो रागावून नव्हे, हळू आवाजात बोलला.

शेवंतीने त्याच्याकडून तुकडा मागून घेतला. तिच्या बोटात आता दामाजीची अंगठी असते, अंगठ्यात, कारण दुसऱ्या बोटांना ती सैल होते. तिने अंगठीने तुकड्यावर ठोकलं. टण्. तोच आवाज. पुन्हा ठोकलं. मला वाटलं, आता ही कोसळणार.

“पानी कोनी ओतलं?” तिने मितेशला विचारलं.

“बाबांनी.”

“दरसाल?”

“दरसाल.”

“मंग त्यांच्याच हातचा की आवाज,” ती म्हणाली. “मी काय खोटं बोल्ले?” आणि ती तुकडा पदरात घेऊन बाभळीखाली बसली आणि पोटभर रडली. माघात दामाजी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. दक्षता उठून तिच्याजवळ गेली आणि तिला धरून बसली. भावेशची हळद त्या दिवशी या तिघांशिवाय लागली.

रघूने मला नव्या स्प्रिंगा बसवल्या, दोन्ही बाजूंना. आता मी कुठेच वाजत नाही. तो तुकडा शेवंतीने खाडीत सोडला, जिथे पूर्वी होडी बांधायचे त्या खुंटाजवळ. “खाडीचं मीठ खाडीला,” एवढंच म्हणाली. यंदाच्या नारळी पुनवेला मला धक्क्यावर नेलं, गोंडा बांधला, हळदकुंकू लावलं. कळशीतलं खाडीचं पाणी फुलाने फक्त काचेवर शिंपडलं, आणि घरी आल्यावर दक्षताने नळाचा पाईप लावून मला खालून-वरून स्वच्छ धुतलं. बसते ती अजून मागेच. पण आता डावीकडे, सासूच्या पाठीमागे.

मित्रांनो, माझी मुदत आता संपत आली आहे. एक दिवस भंगारवाला येईल आणि मी जाईन. जाण्याआधी एवढंच मागते. तुमच्या घरात कोणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, आणि ते सारखं वाजत असेल, तर कंटाळू नका, घाबरू नका आणि हारही घालू नका. कुठे दुखतं ते बघा. आणि रोज वाजणारं कोणी एखाद्या दिवशी गप्प झालं, तर बरं झालं म्हणून पुढे जाऊ नका. शेवंतीसारखे थांबा आणि उतरून बघा.

शेवंती आता पहाटे निघताना लगेच आत बसत नाही. आधी माझ्या डाव्या चाकापाशी येते आणि अंगठ्यातल्या अंगठीने त्या खळग्यावर दोनदा ठोकते. टण्, टण्. मग बसते, आपलं दार आपण लावते आणि म्हणते, “चला.” अंधारात मला दिसत काही नाही, नुसता पत्र्यावर हात कळतो. तो कोणाचा, हे मला रोज नव्याने ओळखावं लागतं, आणि एखाद्या पहाटे ओळखता येत नाही.